एप्रिलात पोरीले काहून धाडू जी?

"मॅडम, आता एप्रिलात काहून धाडू जी पोरीले? शिकवून तं झालं असन ना?" मार्च सरत आला की कुणी ना कुणी मला हे विचारतंच. कधी शाळेच्या फाटकाशी, कधी बाजारात. मी गडचिरोली जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

पूर्वी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच परीक्षा उरकायची आणि पुढे वर्ग ओस पडायचे. तेव्हा तुमचं म्हणणं बरोबरच होतं. पण 2025 मध्ये राज्यभर पहिली ते नववीचं एकच वेळापत्रक आलं, 8 ते 25 एप्रिल. आमच्याकडच्या उन्हात हे जड जातं, मलाही पटलेलं नाही. पण पेपर महिनाअखेरीपर्यंत चालणार असतील तर पोर घरी राहून कसं चालेल? त्यात पाचवीच्या पोराला आता वार्षिक परीक्षा पास व्हावीच लागते. राहिला तर पुन्हा परीक्षा, आणि त्यातही राहिला तर त्याच वर्गात.

खरी अडचण वेगळी आहे, ती मला ठाऊक आहे. मोह. सकाळची शाळा सातला भरते आणि मोह गळतो तोही पहाटेच. घरातले सगळे हात झाडाखाली लागतात, कारण याच दिवसांत वेचून अंगणात वाळवलेली फुलं पुढे कित्येक महिने घराला आधार देतात. म्हणून मी कुणाला बोल लावत नाही. आठ-साडेआठला पोर आलं, हाताला अजून मोहाचा वास असला, तरी मी त्याला वर्गात घेते आणि हजेरी लावते. उशीर झाला म्हणून परत फिरू नका, एवढंच मागते. माझ्या तिसरीतल्या एका मुलीने मागच्या वर्षी टोपली शाळेच्या ओट्यावर ठेवून गणिताचा पेपर दिला. घरी गेली असती तर तो पेपर बुडला असता.

एका गोष्टीत मात्र मी अडून बसते. अंधारात लहान पोरांना जंगलात नेऊ नका. अस्वलाला मोह आपल्याइतकाच आवडतो, आणि वाघ तर आता आपल्या भागात कुठल्याही बाजूने निघतो. वाकून वेचणारा माणूस जनावराला माणूस वाटत नाही, तिथे सात वर्षांचं पोर किती दिसणार? नीट उजाडू द्या, चार जण मिळून जा, आणि पहिली-दुसरीतलं लेकरू आजीजवळ ठेवा. तिथून ते थेट शाळेत येऊ द्या. सात ते अकरा ते माझ्या नजरेसमोर असतं, हेही एप्रिलात धाडायचं एक कारण धरा.

येताना उपाशी पाठवू नका. खिचडी शिजेपर्यंत वेळ जातो आणि रिकाम्या पोटी प्रार्थनेतच पोरं चक्कर येऊन बसतात. वाटीभर आंबील पुरते. पाण्याची बाटली भरून द्या, तासातासाला प्यायला लावायचं काम माझं. परतीला ऊन चढलेलं असतं, तेव्हा डोक्याला दुपट्टा किंवा गमछा हवाच. अंग गरम लागलं तर त्या दिवशी घरी ठेवा. कुणाकडून तरी निरोप धाडा, पेपराचं मी बघते.

चौथी झालेलं पोर दुसऱ्या गावच्या शाळेत घालणार असाल तर दाखल्याचं एप्रिलातच सांगा. मे महिन्यात तुम्ही तेंदूपत्त्याच्या फडीवर असता आणि शाळेला कुलूप असतं. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात, आणि तेव्हा प्रवेशाची घाई होते.

निकाल 1 मे ला, झेंडावंदन झाल्यावर. लवकर या, दहानंतर व्हरांड्याचे टिन तापतात. आजीलाही आणा. पोरं वाचून दाखवणार आहेत.