सेव्हन म्हणजे दोन वाटाणे

बेस्टमध्ये तीस वर्षं कंडक्टरकी केली. लालबागला गणपतीच्या गर्दीतही सुट्टे मोजताना माझी बोटं कधी अडली नाहीत. पण चार वर्षांच्या नातीला पाच वस्तू मोजायला शिकवताना दोन महिने गेले.

तशी ती ज्युनिअर केजीत जाते, वन टू थ्री पन्नासपर्यंत घडाघडा म्हणते. पाहुणे आले की म्हणायला लावायचं, टाळ्या पिटायच्या. एकदा सहज म्हटलं, "बाळा, पाच चमचे आण." तिने मूठभर आणले, अकरा निघाले. "मोज बघू," म्हटलं तर पन्नासपर्यंत म्हणून मोकळी झाली, चमच्यांकडे बघितलंही नाही.

मग मटार सोलता सोलता सुरुवात केली. ओळीत आठ दाणे, प्रत्येकावर बोट ठेवायचं. सिक्सपर्यंत बरोबर. पुढे 'से' एका दाण्यावर, 'व्हन' पुढच्या दाण्यावर. दाणे आठ, उत्तर सेव्हन! म्हटलं मराठीत करू, तर 'सहा'ला तेच, 'नऊ'ला तेच. शेवटी बोट ठेवणं सोडलं. दाणा उचलायचा, स्टीलच्या वाटीत टाकायचा, टण् वाजलं की एक आकडा. आमच्या पंचसारखं, एक टिकटिक, एक तिकीट. आठवड्याभरात जमलं.

आणि मग तिने एक दाणा नाकात घातला. आजीने घर डोक्यावर घेतलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मोकळी नाकपुडी दाबून जोरात शिंकरायला लावलं, दाणा टुणकन बाहेर. मला मात्र घरी दोन दिवस ऐकून घ्यावं लागलं. तेव्हापासून मटार, चिंचोके, गुंजा सगळं बंद. कपड्यांचे चिमटे, बटाटे, पाव, जिन्याच्या पायऱ्या चालू.

खरी गाडी अडली ती पुढे. चार चिमटे नीट मोजायची. "मग किती?" विचारलं की परत एकपासून सुरू. पुन्हा विचारा, पुन्हा सुरू. शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांचा मिळून आकडा, हे आपल्याला कधी कळलं ते आठवत नाही, त्यामुळे ते शिकवावं लागेल असं डोक्यातच येत नाही. मी चिमट्यांभोवती हात फिरवून म्हणायचो, "चार. हे सगळे मिळून चार." किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

रुपयाच्या नाण्यांचा प्रयोगही केला, आजीच्या डोळ्यांदेखत. पाच-पाचच्या दोन ओळी. एक ओळ जरा पसरली तर म्हणे, "यात जास्त." सून म्हणाली, "आबा, आम्हाला डी.एड.ला पियाजे होता, मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारा मानसशास्त्रज्ञ. सहा-सात वर्षांपर्यंत मुलांना असंच वाटतं. मागे लागू नका." नाही लागलो.

विसाच्या पुढे मराठीत वेगळाच घाट. एकोणतीस म्हटलं की कानावर 'तीस' पडतं, आणि आपण असतो अजून विशीतच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' आलं, तेव्हा चाळीच्या गॅलरीत मीही तावातावाने भांडलो होतो. नात आपणहून 'वीस आठ, वीस नऊ, वीस दहा' म्हणायला लागली, तेव्हा बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगलाताई नारळीकरांचं, हे मुलांना सोपं जातं हे म्हणणं निम्मं पटलं. निम्मंच हं. एकोणतीस मी सोडणार नाही.

सगळ्यात उपयोग झाला तो पानं मांडण्याचा. पप्पांना एक वाटी, आईला एक, आजीला एक, आबांना एक, मला एक. रोज रात्री तिचंच काम. कमी पडली तर कोणाची तरी आमटी अडते, त्यामुळे चूक मला दाखवावी लागत नाही.

परवा एकादशी. तिने चारच वाट्या आणल्या. "आजीचा उपास," म्हणाली.

"आणि माझी खिचडी काय हातावर घेऊ?" आजी.

ती परत आत गेली, एक वाटी आणली आणि खाली ठेवता ठेवता म्हणाली, "पाच." आधीच्या चार तिने मोजल्याच नाहीत.