उशिरा सुरू करणाऱ्यांचं फुटबॉल

१८ नोव्हेंबर, रात्र

आमच्या गोंडवाना विद्यापीठाच्या फुटबॉल चमूच्या सराव शिबिराची यादी आज लागली. आमच्या कॉलेजची दोन पोरं त्यात आहेत. एक गोलकीपर आणि एक डावा विंगर. गोलकीपर गावाच्या शाळेपासून खेळतो, त्याचं नाव येणार हे मला माहीत होतं. विंगरचं नाव मात्र मी तीनदा वाचलं. हा पोरगा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आला तोवर त्याच्या पायात कधी फुटबॉलचे बूट नव्हते. धान कापून झालं की आमच्याकडे ज्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेताच्या तुकड्यात, लाखोळी-जवस टाकलेलं नसेल ती पोरं साफ करतात, धसकट उपटतात, दोन्ही बाजूंना बांबू रोवतात आणि अंधार पडेपर्यंत खेळतात. तो तिथंच खेळत आला, अनवाणी. चेंडू पायाला चिकटवून पळायची त्याची रीत त्या खडबडीत बांधीतूनच आलेली आहे, असं मला मनापासून वाटतं. तिथं चेंडू कुठं उसळेल ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तो पायापासून लांब जाऊच देत नाही.

संध्याकाळी मैदानावरून परतताना त्यानं विचारलं, "सर, ह्याच्या पुढं काय असते?"

मी सांगितलं. शिबिरातून चमू निवडतात. तो चमू पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथं वर आलं की अखिल भारतीय. आणि त्याच्याही पुढं जगातल्या विद्यापीठांचं फुटबॉल असतं. तो थांबलाच. "थे पोरं बी आपल्यासारखे कॉलेजात जातेत का?"

जातात. जेवण झाल्यापासून त्याच प्रश्नाशी बसलो आहे. त्याला मी रस्त्यात जेमतेम चार वाक्यं सांगितली, उरलेलं इथं लिहितो.

जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धांना पूर्वी युनिव्हर्सियाड म्हणत. त्यात पुरुषांचं फुटबॉल पहिल्यांदा आलं १९७९ला, मेक्सिको सिटीत. शेवटचं झालं २०१९ला नेपल्समध्ये. त्यानंतर त्या स्पर्धांतून फुटबॉल वगळलं आणि विद्यापीठ फुटबॉलसाठी वेगळा विश्वचषक निघाला. तो पहिल्यांदा २०१९लाच चीनमधल्या जिनजियांगला झाला. या विश्वचषकात देशाचा निवडक संघ नसतो, एकेक विद्यापीठ आपला स्वतःचा संघ घेऊन उतरतं. मला हे फार आवडतं. देशाच्या संघात आमच्यासारख्या कॉलेजातून एखादा पोरगा पोचला तर पोचला. पण विद्यापीठाचा संघ म्हणजे मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी इथल्या वर्गांत बसणारी पोरं. गोंडवाना विद्यापीठ २०११ला झालं, नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे काढून. छातीवर ते नाव घेऊन कुणी खेळेल तेव्हा त्या नावात ही सगळी गावं असतील. (जिनजियांग हे चीनमधलं बुटांच्या कारखान्यांचं मोठं शहर आहे. आमच्या चमूत अजून दोघं मिळून एक बुटांचा जोड वापरतात. विश्वचषक तिथं झाला हे वाचलं तेव्हा मला आधी तेच आठवलं.)

अजून एक गोष्ट पोरांना सांगायची राहिली. युनिव्हर्सियाडमध्ये सुवर्णपदक मिळालं की विजेत्याचं राष्ट्रगीत न वाजवता विद्यार्थ्यांचं एक जुनं लॅटिन गीत वाजवायची प्रथा होती, सगळ्यांसाठी एकच. झेंडा ज्याचा त्याचा, गाणं मात्र विद्यार्थ्यांचं.

पण माझं मन अडकलं आहे ते जपानमध्ये. युनिव्हर्सियाडमधलं पुरुषांच्या फुटबॉलचं सुवर्ण जपाननं सात वेळा घेतलं: १९९५, २००१, २००३, २००५, २०११, २०१७ आणि २०१९. शेवटच्या अंतिम सामन्यात त्यांनी ब्राझीलला ४-१ असं हरवलं. ब्राझीलला! त्यात होसेई विद्यापीठाच्या आयासे उएदानं तीन गोल केले. त्याच संघात त्सुकुबा विद्यापीठाचा काओरू मितोमा होता.

मितोमाची गोष्ट मी वर्गात सांगणार आहे. कावासाकी फ्रंताले या क्लबच्या युवा संघात तो वाढला. अठराव्या वर्षी क्लबनं त्याला मुख्य संघात यायला सांगितलं. तो नाही म्हणाला आणि त्सुकुबात शारीरिक शिक्षण शिकायला गेला. शरीर अजून तयार नाही, आणखी शिकायला हवं, असं त्याला वाटलं. तिथं त्यानं प्रबंध लिहिला तो ड्रिबलिंगवर, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून पुढं नेण्यावर. सोबत्यांच्या डोक्याला कॅमेरे बांधले आणि चेंडू पायाशी असताना चांगला खेळाडू नजर कुठं ठेवतो ते तपासलं. २०१७च्या एम्परर्स कप या जपानमधल्या स्पर्धेत त्सुकुबाच्या विद्यार्थ्यांनी वेगाल्ता सेंडाई या व्यावसायिक संघाला हरवलं, त्यात त्याचे दोन गोल होते. पदवी घेऊन २०२०ला तो त्याच क्लबात परत गेला आणि २०२१ला इंग्लंडच्या ब्रायटननं त्याला घेतलं. कतारच्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध गोलरेषेवरून निसटता चेंडू आत ओढला तो यानंच. युतो नागातोमोसुद्धा मेइजी विद्यापीठातून पुढं आला. पाठीच्या दुखण्यामुळे काही काळ तो मैदानाबाहेर होता, गॅलरीत बसून आपल्या संघासाठी ढोल वाजवायचा. पुढं इंटर मिलानला खेळला.

हे नशिबानं झालं असं मी मानत नाही. जपानमध्ये टोकियोच्या आसपासच्या कान्तो विभागात विद्यापीठांची लीग आहे आणि ती महिनोन्‌महिने चालते. हरला तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा सामना असतोच. आमच्याकडे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची. सकाळी बसनं जायचं, दुपारी हरायचं, संध्याकाळी घरी, आणि त्या वर्षाचं फुटबॉल संपलं. दहावीपर्यंत ज्यानं प्रशिक्षक पाहिलेला नाही, त्याला एका सामन्यात काय कळणार? ज्या पोरानं खेळायला उशिरा सुरुवात केली त्याला सामने जास्त लागतात, आणि त्यालाच ते सगळ्यात कमी मिळतात. जागतिक विद्यापीठ स्पर्धांत पंचवीस वर्षांपर्यंत खेळता येतं. मोठ्या अकादम्या बारा-तेरा वर्षांची मुलं निवडतात, तेव्हा आमची पोरं गावात गुरं वळत असतात. म्हणजे आमच्यासाठी विद्यापीठ हीच एक जागा उरते, जिथं कुणी 'आता वय गेलं' म्हणत नाही.

१९ नोव्हेंबर

विंगरच्या वडलांना भेटलो. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, सुरू आहे, हातात कामाला माणूस नाही, आणि नंतर खरेदी केंद्रावर पोती घेऊन रात्र काढावी लागते. त्यांचं म्हणणं साधं होतं. "सर, पोलीस भरतीची तयारी करून राहिला थो. खेळून पोट भरते का?"

मी वाद घातला नाही. पहाटे रस्त्यावर पोरं सोळाशे मीटर पळतात, शंभर मीटर मारतात, गोळा फेकतात, त्या पन्नास गुणांवर घरं उभी राहतात हे मला ठाऊक आहे. मी एवढंच म्हणालो, "भाऊ, पळणं बंद होणार नाही. उलट तिथं दोन वेळ पळवतील. विद्यापीठाकडून खेळला, कलर होल्डर झाला, तर ते प्रमाणपत्र त्याचं राहील. शिबिर संपलं की मी स्वतः त्याला घरी आणून सोडतो." त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग त्याच्या आईला चहा टाकायला सांगितलं आणि मला म्हणाले, "चुरणी रविवारपर्यंत होते. सोमवारी घेऊन जा."

परतताना विजय बारसे सरांची आठवण झाली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक. त्यांनी २००१मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केलं आणि त्यातून पुढं केवढं उभं राहिलं! हाताशी चेंडू होता आणि पोरं होती. आमच्याकडे दोन्ही आहे. मी तासिका तत्त्वावर शिकवतो, पुढच्या वर्षी याच कॉलेजात असेन की नाही सांगता येत नाही. म्हणून जे करायचं ते याच मोसमात करायला हवं.

२० नोव्हेंबर

आजूबाजूच्या तालुक्यांतल्या कॉलेजांच्या क्रीडाशिक्षकांना फोन केले. मागणी एकच: स्पर्धा नको, लीग हवी. प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. बाद कुणीच होणार नाही. एकानं प्रवासखर्चाचं विचारलं, ते बरोबरच आहे. दुपारच्या एसटीनं येऊन संध्याकाळच्या एसटीनं परत जाता येईल अशीच गावं निवडली आहेत. जेवण यजमान गावाचं, भात-वरण-भाजी. दुसऱ्या सरांनी विचारलं की पदवी झालेली पोरं चालतील का. मी म्हटलं, चालतील, जागतिक स्पर्धांतसुद्धा आदल्या वर्षी पदवी घेतलेल्यांना खेळू देतात. तिघं लगेच तयार झाले. चौथे प्राचार्यांना विचारून सांगतो म्हणाले.

गोलकीपर आणि विंगर दोघांचे पात्रता अर्ज भरून झाले. विंगरच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नावात एक काना जास्त आहे, त्यासाठी उद्या त्याच्या शाळेत जायचं आहे. बुटांसाठी वर्गणी काढली, त्यात खरेदी केंद्राजवळच्या हॉटेलवाल्यानं न मागता पाचशे दिले. लीगचा पहिला सामना डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, आमच्या मैदानावर. चुना आणायचा आहे, आणि गोलच्या जाळ्या शिवून घ्यायच्या आहेत.