भूमितीचा पेपर अजून बाईंकडेच आहे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा मेसेज आपल्या ९६ च्या बॅचच्या ग्रुपवर आला तेव्हा मी साइटवर होतो. शाळा म्हटल्यावर मला ना झेंडावंदन आठवलं ना गॅदरिंग, डोळ्यासमोर आली ती बाईंची खाकी कापडाची पिशवी. बाई म्हणजे कुठल्या बाई हे आपल्या शाळेत सांगायला लागत नाही. गणिताला आणखीही बाई होत्या, पण नुसतं "बाई आल्या" म्हटलं की दहावी ब गप्प व्हायची ती एकीलाच.

मी बावधनचा, एसटीने वाईला यायचो. दहावीचं वर्ष म्हणजे आमच्याकडे काय असतं ते वाईकरांना माहितीये, माघ लागला की कृष्णामाईचा उत्सव, एका घाटाचा संपला की दुसऱ्या घाटाचा, स्पीकर चालू, आणि इकडे शाळेत आमची रात्रीची अभ्यासिका. कोणीतरी तक्रार केली की बाई आवाजात लक्ष लागत नाही. बाई म्हणाल्या, "परीक्षेच्या दिवशी बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवायचा थांबणारे का? आत्ताच सवय करा." खिडकीसुद्धा लावू दिली नाही.

प्रिलिमला भूमितीचा पेपर हातात आला आणि मी ब्लँक झालो. म्हणजे प्रमेय येत होतं, आदल्या रात्री दोनदा लिहून काढलेलं, पण समोर सगळी अक्षरं नुसती मुंग्यांसारखी, हात गार पडलेले, वीस मिनिटं मी काहीच लिहिलं नाही. सुपरव्हिजनला बाईच होत्या. त्या आल्या, पेपरकडे बघितलं पण नाही, म्हणाल्या "दोरा आणलायस?" पुरवणी बांधायचा पांढरा दोरा. मी म्हटलं बाई अजून पुरवणी घेतलीच नाही. "विचारलंय का मी? दोरा ओव आणि गाठ मार." थरथरत्या हाताने ते भोक सापडेना, दोरा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा गाठ बसली. तोवर श्वास जरा खाली आला होता. पुढे थोडंफार लिहिलं.

७५ पैकी १९ पडले. बाईंनी वर्गात माझा पेपर दिलाच नाही. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसवून तोच पेपर परत सोडवायला लावला, घड्याळ लावून, स्वतः बाजूला बसून वाटाणे सोलत होत्या. ५८ पडले. मग दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवून लाल पेनाने वजाबाकी केली, ३९. "हे ३९ भूमितीने नाही खाल्ले, तुझ्या घाबरण्याने खाल्ले. आता यातले किती परत आणायचे ते बघू." आणि पुढच्या रविवारी बाई एसटीने बावधनला आल्या आमच्या घरी, माझ्या वडिलांना, आप्पांना, सांगायला की परीक्षा संपेपर्यंत मार्कांचा विषय काढायचा नाही. आप्पा कोणाचं ऐकणारा माणूस नव्हता, पण ऐकलं. बगाडाचंही, म्हणजे आमच्या गावच्या रंगपंचमीच्या यात्रेचंही, बाईंनीच सोडवलं. रंगपंचमी परीक्षेच्या महिन्यातच येते, आई म्हणत होती यंदा घरात बसायचं, बाई म्हणाल्या जाऊ दे त्याला, घरात बसला तरी मन बगाड निघतं तिथे सोनेश्वरालाच असणार, रात्री वेळेवर झोपव म्हणजे झालं.

पेपर मिळाला की पहिली पाच मिनिटं पेन खाली, नुसता वाचायचा, येतंय त्यावर टिंब करायचं, हा बाईंचा कायदा. नंतर बोर्डाने मधे काही वर्षं दहा मिनिटं आधी पेपर द्यायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं बोर्डात बाईंचा कोणी विद्यार्थी पोचला बहुतेक! २०२३ पासून ती दहा मिनिटं शेवटी जोडून देतात. कारण असेल काहीतरी, पण मला नाही पटलं. घाबरलेल्या पोराला वेळ सुरुवातीला लागतो.

आणि ती पिशवी. बोर्डाच्या प्रत्येक पेपरला बाई केंद्राच्या गेटबाहेर उभ्या, उन्हात, डोक्यावर पदर. आम्ही बाहेर आलो की प्रश्नपत्रिका काढून घ्यायच्या. उत्तरं पडताळायची नाहीत, झाला तो पेपर मेला, घरी जा, जेवा, उद्याचं बघा. आमच्यातले हुशार लोक जाम चिडायचे, एकाने तर आकडे तळहातावर लिहून आणलेले, बाईंनी नळावर नेऊन हात धुवायला लावले. शेवटच्या पेपरानंतर सगळ्यांचे गठ्ठे परत. मला भूमितीत ६१ मिळाले. ३९ पेक्षा तीन जास्तच वसूल.

आज पुण्यात माझा स्वतःचा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टचा धंदा आहे, चौदा माणसं हाताखाली, हे जरा मिरवायला लिहितोय, बाईंना वाचून बरं वाटेल म्हणून. मुलगी यंदा दहावीला. क्लास, टेस्ट सिरीज, ॲप, सगळं आहे, आणि प्रिलिमचे मार्क बघून मी तिच्यावर आप्पांसारखाच ओरडलो, मग दोन दिवस स्वतःचीच लाज वाटत होती. पुढच्या पेपरला गेटवर जाऊन उभा राहिलो, म्हटलं दे प्रश्नपत्रिका इकडे. ती म्हणाली, "पप्पा, आन्सर की ग्रुपवर आली पण." तरी दिली. घडी घालून खिशात ठेवली, दोघांनी रसवंतीवर उसाचा रस प्यायला, मार्कांचं कोणी बोललं नाही.

बाकीच्या सरांबद्दल लिहायचं राहिलं, पत्र्याच्या हॉलबद्दल पण, तिथे आता कॉम्प्युटर लॅब झालीये म्हणतात. जागा संपत आली.

बाई, कार्यक्रमाला येणार असाल तर एक काम होतं. तेव्हा परत दिलेल्या गठ्ठ्यात माझा भूमितीचा पेपर नव्हता. पिशवीच्या तळाशी बघाल का?