वाजवते आहे, जाणवत नाही

रविवारी चर्चमध्ये नऊच्या मराठी मिस्सेला, म्हणजे उपासनेला, कीबोर्ड मी वाजवते, हे आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नसलेली गोष्ट अशी की गेले बरेच महिने मला त्या मिस्सेत काहीही वाटत नाही. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेऊन जागेवर येते, डोळे मिटते, आणि आत काही हलत नाही. शंका नाही, राग नाही, देवाशी भांडण नाही. नुसतं कोरडं. मग डोळे उघडून पुढच्या गाण्याचं पान शोधते, कारण डोक्यावरचा पंखा पानं उडवतो आणि पानांना लावायचे कपड्यांचे चिमटे कोणीतरी घरी नेलेले असतात.

परवा युवा ग्रुपमधल्या एका मुलीचा मेसेज आला. "तुझं बरं आहे गं, वाजवताना किती तल्लीन असतेस." तल्लीन! अगं बाई, मी तेव्हा आकडे बघत असते. प्रतिसाद स्तोत्राची वरची ओळ आमच्या आंट्यांना झेपत नाही, म्हणून ट्रान्सपोज (पट्टी खाली-वर करायची कीबोर्डवरची सोय) उणे दोनवर ठेवायचं आणि आलेलुयाच्या आधी आठवणीने परत शून्यावर आणायचं. राहिलं, तर पुरुषमंडळी इतकं खाली गातात की माइकवाला माझ्याकडे वळून बघतो. लोकांना जी तल्लीनता दिसते ती म्हणजे त्या छोट्या पडद्यावर लागलेली माझी नजर.

त्या मेसेजने मला टोचलं ते वेगळ्याच ठिकाणी. आत काही नसताना समोर बसून पाचशे माणसांना प्रार्थनेत न्यायचं, हे ढोंग नव्हे का? मनात घोळत होतं ते हेच. देव आहे की नाही, हा माझा प्रश्न नव्हताच.

आमच्या पिढीला हा प्रश्न इतका का छळतो, याबद्दल माझं एक मत आहे, आणि ते सगळ्यांना आवडणार नाही. दहावीनंतरच्या सुट्टीत मी पहिल्यांदा निवासी रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-शिबिराला, गेले. शेवटच्या रात्री पवित्र साक्रामेंताची, म्हणजे वेदीवर ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादाची, आराधना. दिवे मंद केलेले, गिटारवर तेच तेच दोन कॉर्ड, धुपाचा वास, आणि शेजारची मुलगी हुंदके देतेय. मीही रडले. ते रडणं खोटं नव्हतं, आजही म्हणेन. पण त्यानंतर वर्षानुवर्षं मी देवाला त्याच मापाने मोजत राहिले. डोळ्यांत पाणी आलं तर प्रार्थना झाली, नाही आलं तर आपलंच काहीतरी चुकलं. मग पुढची रिट्रीट, मोठा मेळावा, जास्त चांगला वक्ता. आपण पोरांना रडायला शिकवतो, पण रडू येत नाही तेव्हा काय करायचं हे शिकवत नाही. सोमवारी सकाळी वसई रोडला चर्चगेट फास्टमध्ये शिरताना गिटार कोणी वाजवत नसतं.

मी अंधेरीला अकाउंट्समध्ये आहे. सकाळची प्रार्थना गाडीतच, उभ्याने, मोबाइलवर दिवसाची वाचनं उघडून. बसायला जागा मिळाली की वाचन भाईंदरच्या पुढे जात नाही, झोप लागते. यावर मला बाळ येशूच्या संत तेरेजाचा मोठा आधार आहे. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली ही मुलगी प्रार्थनेत चक्क झोपायची आणि त्याबद्दल तिने फारसं वाईटही वाटून घेतलं नाही. आईबापांना लेकरू जागं असताना जितकं आवडतं तितकंच झोपलेलंही आवडतं, असं तिचं म्हणणं. गोड-गोड फुलांची संत म्हणून तिचे फोटो आपल्या घरोघर आहेत, पण शेवटची दीड वर्षं तिने काढली ती दाट अंधारात. १८९६ च्या ईस्टरपासून तिला स्वर्ग आहे हेच वाटेनासं झालं, आणि ३० सप्टेंबर १८९७ ला ती गेली तेव्हा चोवीस वर्षांची होती. माझ्याहून लहान. तिच्या नोव्हेनाच्या, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, पुस्तिकेत हे का छापत नाहीत, देव जाणे.

शेवटी मी पापनिवेदनाला गेले आणि जाळीच्या पलीकडे सांगितलं, "फादर, प्रार्थनेत काहीच वाटत नाही, म्हणून क्वायर सोडायचा विचार आहे." मला वाटलं आता प्रवचन होणार. फादरांनी आधी विचारलं, "झोपतेस किती?" मग, "जेवणखाण, मैत्रिणी, काम, हे सगळं ठीक आहे की तिकडेही तसंच?" तिकडे ठीक होतं. आणि मग, "वाटत नाही याचं तुला वाईट वाटतं का?" वाटत होतं, म्हणून तर आले होते. फादर म्हणाले, "मग घाबरू नकोस. ज्याचं देवावाचून अडत नाही, त्याला त्याची आठवणही येत नाही."

घरी येऊन वाचत बसले तेव्हा कळलं की तो शेवटचा प्रश्न त्यांच्या पदरचा नव्हता. सोळाव्या शतकात क्रुसाच्या संत योहानाने खऱ्या कोरडेपणाच्या ज्या खुणा सांगितल्या आहेत, त्यातली ही एक: माणूस आळसावलेला असेल तर त्याला पर्वा नसते, आणि कोरड्या काळातून जात असेल तर आपण देवाची सेवा नीट करत नाही ही रुखरुख त्याला सोडत नाही.

क्वायरबद्दल मात्र फादर स्पष्ट बोलले. कोरड्या काळात आधीचा निर्णय बदलायचा नाही. सोडायचंच असेल तर बरं वाटत असताना सोड, आत्ता नाही. हा नियम संत इग्नेशियस लोयोलाचा, त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकातला. मूळचा हा शिपाई माणूस. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाला तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःच्या मनाची हालचाल टिपायला लागला. कुठला विचार मनाला नंतरही गार ठेवतो, कुठला लगेच विझतो, याची नोंद. त्यामुळे त्यांचे नियम पोथीतले वाटत नाहीत, वापरून घासलेले वाटतात. कोरडेपणाची त्यांनी तीन कारणं दिली आहेत. एक, आपली हयगय. दोन, बक्षीस मिळत नसताना आपण किती टिकतो याची परीक्षा. तीन, आतला गोडवा ही आपली कमाई नाही हे कळावं म्हणून. आणि वर एक खास शिपाईगिरीचा सल्ला: तासभर प्रार्थना ठरवली असेल आणि उठावंसं वाटत असेल, तर तासाच्या वर थोडं आणखी बसा. तासभर कोण बसतंय! माझी रात्रीची दहा मिनिटं असतात. पण उठावंसं वाटलं की मी आणखी एक मिनिट बसते, निव्वळ जिरवायला म्हणून. कोणाची, ते विचारू नका.

आविलाची संत तेरेजा (लिझ्यूची नव्हे, ही सोळाव्या शतकातली, स्पेनची) तर मला मैत्रीण वाटते. एवढी मोठी प्रार्थनेची गुरू, पण तिने लिहून ठेवलंय की काही वर्षं तिचं लक्ष प्रार्थनेपेक्षा तास कधी संपतोय याकडेच असायचं. अठरा वर्षं ती हातात पुस्तक घेतल्याशिवाय प्रार्थनेला बसायची हिंमत करत नव्हती, ख्रिस्तप्रसाद घेतल्यानंतरची वेळ सोडून. प्रार्थना म्हणजे बाग शिंपणं, असं ती समजावते, आणि पाणी आणायच्या चार तऱ्हा सांगते: विहिरीतून हाताने शेंदणं, रहाट, पाट, आणि पाऊस. रहाट वाचल्याबरोबर मी आजोबांकडे गेले. आमच्या वाडीत केळी नि पानवेल होती तेव्हा बैल लावून रहाट चालायचा. मी विचारलं, विहिरीत पाणी नसेल तेव्हा काय करायचात? ते म्हणाले, "विहीर उपसायची. गाळ काढायचा. पाणी येईल तेव्हा येईल, पण गाळ राहिला तर आलेलं पण कळायचं नाही." तेरेजाचंही जवळपास हेच आहे. पोहरा सोडायचा, रिकामा आला तरी सोडायचा. बाग मालकाची आहे, पाण्याची काळजी त्याने करावी. आता आमच्याकडच्या कितीतरी विहिरींना खारं पाणी लागलं आहे आणि वाडीत सोसायटी उभी राहिली आहे, तो विषय वेगळा.

पण ढोंगाचा काटा निघाला तो मदर तेरेसांमुळे, आणि त्यातही पुण्याच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकामुळे.

१० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत मदरना देवाची हाक ऐकू आली. (मला गाडीत "जरा आत सरका" एवढंच ऐकू येतं.) गरिबांमधलं काम सुरू झालं आणि ती हाक, ती जवळीक, सगळं थांबलं. मधला १९५८ मधला थोडा काळ सोडला तर १९९७ मध्ये जाईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं आत अंधार. बाहेर तेच हसू. आपलं हे हसू म्हणजे फसवणूक तर नाही ना, हा प्रश्न त्यांनाही पडला होता. पत्रं जाळून टाका अशी त्यांची विनंती होती, ती कोणी पाळली नाही, आणि २००७ मध्ये ती पत्रं छापून आली. तेव्हा वर्तमानपत्रांत बराच गवगवा झाला, की बघा, मदरचा विश्वासच नव्हता.

ज्यांनी त्यांना वाट दाखवली ते फादर जोसेफ नॉयनर. ऑस्ट्रियात जन्मलेले जेझुइट, म्हणजे इग्नेशियसच्याच संघातले धर्मगुरू, १९३८ मध्ये भारतात आले, पुण्याला ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकवत राहिले आणि २००९ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, पुण्यातच वारले. १९६१ च्या सुमाराला ते कोलकात्याला रिट्रीट द्यायला गेले असताना मदरनी आपली अवस्था त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी जे सांगितलं त्याचा आशय असा: यावर माणसाच्या हातात उपाय नाही, आणि ही तुमची चूकही नाही. देव जाणवणं हा तो जवळ असल्याचा एकमेव पुरावा नव्हे. आणि त्याची ही जी ओढ लागली आहे, तीच तो आत असल्याची खूण. अंधार हाच आपल्या कामाचा भाग आहे, असं मदर त्यानंतर मानायला लागल्या. अंधार गेला नाही, पण त्याच्याशी झगडणं थांबलं.

हे वाचून मी हिशेब मांडला. रविवारी मी "मला देव जाणवतोय" असं कोणाला सांगते का? नाही. मी सूर देते. आंट्या त्यावर गातात, मागच्या बाकावरचे काका त्यांच्या गेलेल्या बायकोसाठी डोळे पुसतात. ज्या पाण्याने ते भिजतात ते माझ्या घरचं नाही, मग माझं घर कोरडं असल्याने खोटं कुठे पडतं?

आजीला याचं काही अप्रूप नाही. ती रोज संध्याकाळी जपमाळ म्हणते, पन्नास नमो मरिया अशा वेगाने की मधला श्वास कुठे घेते कळत नाही. तिला विचारलं, म्हणताना काय वाटतं गं तुला? ती म्हणाली, "वाटायचं काय त्यात? म्हणायची असते." ऑफिसात माझ्या शेजारी बसते तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे. डब्याच्या वेळी तिला हे सगळं सांगितलं, तर ती हसली. म्हणे, आमच्या तुकोबांनी तर विठ्ठलाला 'माझे लेखी देव मेला' इथपर्यंत सुनावलंय, आणि तुम्ही लोक फार सभ्य बोलता देवाशी. सभ्य? मी तिला ८८ वं स्तोत्र काढून दाखवलं. बाकीच्या गाऱ्हाण्यांच्या स्तोत्रांत शेवटी आशेची एखादी ओळ येते, याच्या शेवटी अंधारच आहे. आणि तरी चर्चच्या रोजच्या प्रार्थनेत शुक्रवारी रात्री झोपण्याआधी म्हणायला तेच दिलं आहे. हल्ली रात्रीची माझी दहा मिनिटं स्तोत्रांवरच जातात. माझ्याकडे शब्द नाहीत, त्यांच्याकडे आहेत, उसने घेते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. फादरांनी झोपेबद्दल विचारलं ते उगीच नाही. झोप उडाली असेल, भूक मेली असेल, प्रार्थनाच नव्हे तर सिनेमा, मैत्रिणी, समुद्र, सगळंच बेचव झालं असेल, जगावंसं वाटत नसेल, तर त्याला संतांची नावं देऊन बसू नका. डॉक्टरकडे जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतही बोलते. नोव्हेना गोळीबरोबर करता येते.

क्वायरचं म्हणाल, तर सोडण्याचा विचार मी फादरांच्या नियमाप्रमाणे पुढे ढकलला आहे. तो आता बरं वाटत असतानाच करायचा. आणि बरं वाटत असताना कोण कशाला सोडेल, हा त्यातला डाव माझ्या लक्षात यायला जरा वेळच लागला.