सोलापूरहून श्रीहरिकोट्याला: आदित्यचं उड्डाण बघून आलो त्याची हकिकत

आधी एकच सांगतो. श्रीहरिकोट्याच्या अवकाश केंद्रात लोकांना उड्डाण बघायला गॅलरी आहे, तिची नोंदणी पक्की झाल्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढू नका, आणि नोंदणी झाली की क्षणभरही थांबू नका. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या इस्रोच्या आदित्य-एल1 यानाचं उड्डाण 2 सप्टेंबर 2023 ला, शनिवारी होतं आणि नोंदणी सुरू झाली मंगळवारी, 29 ऑगस्टला दुपारी बाराला. म्हणजे हातात जेमतेम चार दिवस. मी दुकानात, बायको घरी, दोघंही बाराच्या आधीच मोबाईल उघडून बसलो होतो. माझं पान फिरतच राहिलं, तिचं उघडलं. चौघांची नावं आणि ओळखपत्रांचे नंबर तिने आधीच एका कागदावर लिहून ठेवले होते, म्हणून जमलं. गुरुवारच्या गाडीचं तिकीट बुधवारी सकाळी तत्काळमध्ये मिळालं.

आपलं एक बरं आहे, मुंबई–चेन्नई मार्ग सोलापूरवरूनच जातो. वाडी, रायचूर, गुंतकल करत गाडी रेणिगुंट्याला पोचते आणि तिथून तिरुपती अगदी जवळ. श्रीहरिकोट्याचं स्टेशन सुलूरपेटा. चेन्नईहून तिथे लोकल गाड्या आहेत, पण आपल्याकडच्या लोकांना तिरुपतीची सवय असल्याने आम्ही मुक्काम तिथेच केला आणि पहाटे पाचला गाडी करून निघालो. श्रीकाळहस्ती, नायडूपेटा, सुलूरपेटा असा साधारण शंभर किलोमीटरचा रस्ता. सुलूरपेट्यात उड्डाणाच्या आदल्या दिवशी खोली मिळेल या भरवशावर जाऊ नका.

सोबत माझे वडील होते. अण्णांची सगळी हयात यंत्रमागावर गेली, बरोबरचे कामगार पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणारे विणकर, त्यामुळे तेलुगू त्यांना चांगली येते. ड्रायव्हरशी त्यांची अशी गट्टी जमली की नाश्त्याला कुठे थांबायचं, गर्दी टाळायला किती वाजता पोचायचं, हे सगळं त्यांनीच ठरवलं. तुमच्या शेजारीपाजारी तेलुगू बोलणारं कुणी असेल तर चार वाक्यं शिकून जा. खाण्याचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. दोन दिवस काही होत नाही आणि पाण्याशिवाय दुसरं काही लागत नाही.

सुलूरपेटा सोडलं की पुलिकत सरोवर लागतं. श्रीहरिकोटा हे बेट आहे, एका बाजूला सरोवर, दुसऱ्या बाजूला बंगालचा उपसागर. पाण्यातून सरळ रस्ता जातो, दोन्हीकडे उथळ पाणी. हिवाळ्यात इथे रोहित पक्ष्यांचे थवे असतात, आपल्या उजनीवर येतात तेच. हीच जागा का निवडली, हे मुलाला तिथेच सांगता आलं: पूर्वेला नुसता समुद्र, त्यामुळे रॉकेटचे सुटे झालेले भाग पाण्यात पडतात, आणि विषुववृत्त जवळ असल्याने पृथ्वीच्या फिरण्याचा जोर मिळतो. 1971 साली इथून पहिलं लहानसं रोहिणी रॉकेट उडालं. 2002 मध्ये इथल्या केंद्राला इस्रोचे माजी अध्यक्ष सतीश धवन यांचं नाव दिलं.

गॅलरी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचं मोकळं मैदान समजा. ऊन चटका देतं आणि दमट हवेमुळे घामाच्या धारा लागतात. टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि नोंदणीला दिलेलंच ओळखपत्र, तेही मूळ, एवढं जवळ ठेवा. फोन आम्ही गाडीतच ठेवले आणि ते फार बरं झालं.

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी उलटी मोजणी संपली. आधी नारिंगी उजेड दिसला, आवाज काहीच नाही. मुलगा सहावीत आहे, त्याला मी सांगून ठेवलं होतं की उजेड दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोज, तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तो मोजायचंच विसरला. रॉकेट वर चढलं आणि मग तो आवाज आला. टीव्हीवर यातलं काहीही ऐकू येत नाही. तडतड फुटल्यासारखा, न थांबणारा, पायाखालच्या पायरीतून येणारा. आयुष्यभर मागांचा खडखडाट ऐकलेले अण्णा छातीवर हात ठेवून म्हणाले, "इथं लागतंय रे." पुढे धुराची रेघ समुद्राच्या बाजूला वळली आणि ठिपका दिसेनासा झाला. सगळं काही मिनिटांचं. त्या काही मिनिटांसाठी एवढा प्रवास पुन्हा करायला मी तयार आहे.

परत येताना सगळ्यांना तोच एक रस्ता, त्यामुळे सरोवरावर गाड्यांची रांग लागली. तिथेच गाडीत बसून मोबाईलवर पाहिलं की उड्डाणानंतर सुमारे 63 मिनिटांनी आदित्य रॉकेटपासून वेगळा झाला. यानावरच्या सात उपकरणांपैकी सूट ही सूर्याचे फोटो घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने केली आहे, हे कळल्यावर मुलाने तिथूनच आत्याला फोन लावला. 6 जानेवारी 2024 ला यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या, एल1 म्हणतात त्या जागेवर पोचलं, तेव्हाही त्यानेच घरभर सांगितलं.

जाण्याआधी मुलांना आपलं सोलापूर विज्ञान केंद्र दाखवून आणा, म्हणजे तिथे गेल्यावर प्रश्न चांगले विचारतात. आणि परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं काढू नका. एक म्हणजे त्या रांगेत किती वेळ जाईल याचा नेम नसतो. दुसरं, उड्डाण ऐनवेळी पुढे जाऊ शकतं. चांद्रयान-2 चं उड्डाण 15 जुलै 2019 ला 56 मिनिटं उरलेली असताना थांबवलं होतं आणि ते झालं 22 तारखेला. आम्ही एक रात्र हातची ठेवली होती. ती तिरुपतीत दर्शनाच्या रांगेत गेली आणि रविवारी रेणिगुंट्याहून गाडी पकडली.