पालथी बशी

परवा दुपारी माळ्यावरची मोडीत घालायची भांडी खाली काढताना, आजीच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली एक बशी हाती लागली. तिच्या जोडीचा कप कधीच फुटला होता. मी सवयीने बशी पालथी केली. कुणाच्याही घरी गेलो तरी कपबशी पालथी करून तिच्या पाठीवरचा शिक्का वाचायची मला खोड आहे. मुलगी बघायला गेलो असताना पोहे संपवून मी बशी उलटून पाहिली, तेव्हा ‘मंडळी फार बारकाईने चौकशी करणारी दिसतात’ असा निरोप मध्यस्थामार्फत आला होता.

या बशीच्या पाठीवर फिकट हिरव्या अक्षरांत ‘हॅन्ली, इंग्लंड’ असे होते. इतकी वर्षे मी हॅन्ली हे कारखानदाराचे आडनाव समजत होतो. ते गावाचे नाव निघाले. टन्स्टॉल, बर्स्लम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन ही सहा गावे १९१० मध्ये एकत्र होऊन स्टोक-ऑन-ट्रेंट झाले, आणि तो सगळा मुलूख ‘पॉटरीज’, म्हणजे कुंभारवाडे, याच नावाने ओळखला जातो. मग भांडी तशीच पसरून मी त्या गावांची जुनी छायाचित्रे बघत बसलो.

पहिल्यांदा डोळ्यांत भरतात त्या भट्ट्या. खाली फुगीर, वर निमुळत्या, विटांच्या बाटल्या म्हणाव्यात अशा, आणि घरांच्या ओळींमधून, शाळेच्या मागून, देवळाच्या शेजारून जागा मिळेल तिथे उगवलेल्या. मला त्या बाटल्यांपेक्षा लोणच्याच्या बरण्यांसारख्या वाटल्या. कुणा थोरल्या घरच्या सुगरणीने बरण्या उन्हात मांडाव्यात आणि विसरून जावे, तसे ते गाव दिसते. एके काळी अशा दोन हजारांहून अधिक भट्ट्या होत्या. एक भट्टी भाजून निघायला दोन-तीन दिवस लागत आणि त्यासाठी कित्येक टन कोळसा जळे. म्हणूनच तर पांढरी माती दूरच्या कॉर्नवॉलहून जहाजाने आणि पुढे १७७७ मध्ये पूर्ण झालेल्या कालव्याने कोळशाच्या दारी येई. कोळसा मातीकडे गेला नाही. काळ्या धुरात बुडालेल्या लाँगटनचे चित्र आणि खाली ‘लाँगटनची ताजी हवा’ अशा अर्थाची ओळ, अशी टपालकार्डे तिथे छापली जात. स्वतःच्या धुराची थट्टा करून ती पाहुण्यांना पाठवणारे हे गाव मला तेव्हाच आवडून गेले. ज्या छायाचित्रांत आकाश स्वच्छ दिसते, ती सुट्टीच्या दिवशी काढलेली असावीत, असा माझा तर्क आहे.

एका चित्रापाशी मात्र मी बराच वेळ थांबलो. भट्टीत भांडी उघडी ठेवत नसत. धुराने डागाळू नयेत म्हणून ती जाड मातीच्या डब्यांत भरत. या डब्याला सॅगर म्हणतात. चित्रातला गडी तसा भरलेला सॅगर डोक्यावर घेऊन भट्टीत शिरत होता, आणि वजन पेलावे म्हणून ही माणसे जुन्या मोज्यात चिंध्या भरून केलेले वेटोळे डोक्यावर ठेवत. म्हणजे चुंबळच की! विहिरीवरून येणाऱ्या माझ्या मावशीच्या आणि त्याच्या डोक्यावरची वस्तू एकच होती. सॅगरचा तळ थोपटून सपाट करायला वेगळा पोऱ्या असे आणि त्याच्या कामाचे नाव ‘सॅगर मेकर्स बॉटम नॉकर’ असे लांबलचक होते. गोरोबाकाकांच्या थापटण्याला असा हुद्दा कुणी दिला नाही.

आजीने ही कपबशी स्वयंपाकघरात कधी येऊ दिली नाही. चिनी मातीत हाडे घालतात असे तिला कुणीसे सांगितले होते, त्यामुळे तो जोड ओसरीवरच्या फडताळात, डॉक्टर किंवा मामलेदार आले तरच निघे. बोन चायनात निम्म्याच्या आसपास गुरांच्या हाडांची राख असते, हे खरेच आहे. पण तसे भांडे उजेडासमोर धरले की मागच्या बोटांची सावली दिसते. मी बशी खिडकीपाशी धरून पाहिली. सावली दिसली नाही. साधी माती ती. बिचारीला उगाच ओसरीवर जन्म काढावा लागला.

कप फुटला तेव्हा त्याचा तळ मी ठिकरी म्हणून पळवला होता. गुळगुळीत, जड, नेमक्या घरात जाऊन बसणारी ती ठिकरी वाड्यातली सगळी पोरे उसनी मागत. शिक्का तिच्यावरही होता. म्हणजे हॅन्ली गाव मी सातव्या वर्षीच एका पायाने अंगणभर फिरवले होते.

हॅन्लीजवळच्या एट्रुरियाच्या कारखान्याची चित्रे शेवटी पाहिली. जोसाया वेजवूड या नामांकित कुंभार-कारखानदाराने तो १७६९ मध्ये कालव्याच्या काठी उभारला. पुढे खालचा कोळसा खणून खणून जमीनच खचली आणि कारखाना कालव्याच्या पातळीखाली गेला. ज्या कोळशावर भट्ट्या पेटायच्या, त्यानेच पायाखालची जमीन काढून घेतली. १९४० मध्ये बार्लस्टनला नवा कारखाना सुरू झाला, १९६० च्या दशकात जुना पाडला गेला, आणि आज कोपऱ्यावरची एक गोल इमारत तेवढी उरली आहे. १९५६ च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर गॅसच्या आणि विजेच्या भट्ट्यांनी बाकीच्या बाटल्याही निकामी केल्या. आता पन्नासही उभ्या नाहीत. कायदा वाईट होता असे कोण म्हणेल? त्या धुरात छात्या भरलेल्यांनी तर नाहीच.

१९७८ मध्ये लाँगटनला एक भट्टी शेवटची पेटवली, ती भांड्यांसाठी कमी आणि पेटवायची कशी याची नोंद राहावी म्हणून अधिक. त्यासाठी जुनी जाणती माणसे पुन्हा बोलवावी लागली.

स्टोकची माणसे परगावी जेवायला बसली की ताट पालथे करून शिक्का बघतात म्हणे. हे वाचून माझ्या खोडीला पहिल्यांदाच गोत मिळाले.

बशी मोडीत घालायचा प्रश्न नव्हता, आणि कपाविना वापरायची कशी हेही कळेना. सध्या तिच्यावर आल्याचा तुकडा आणि किसणी असते. धुतल्यावर मी ती पालथी ठेवतो. बायको येता-जाता सुलटी करते.