पायाखालचा सांधा

मुंबईकडून आलेल्या गाड्यांना भुसावळ जंक्शनात दोन वाटा फुटतात. एक खंडव्यावरून इटारसीला जाते आणि दुसरी अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला. कोणती गाडी कोणत्या वाटेला लागायची, हे रुळांच्या सांध्यावर ठरते. आमच्या नानांची नोकरी याच भागातल्या एका लहान स्टेशनच्या केबिनमध्ये, हे सांधे वळवणारे लिव्हर ओढण्यात गेली, त्यामुळे घरात ‘सांधा’ हा शब्द मी हाडांच्या आधी रुळांचा म्हणूनच ऐकला. गेल्या मे महिन्यात गिटारच्या दोन पेडलांमध्ये, म्हणजे पायाने दाबून आवाज बदलण्याच्या डब्यांमध्ये, अदलाबदल करणारा एक स्विच मी घरी तयार केला, तेव्हा हीच शिकवण कामी आली.

अडचण साधी होती. माझ्याकडे आवाज खरखरीत करणारे एक डिस्टॉर्शन आणि आवाजामागे प्रतिध्वनी लावणारे एक डिले, अशी दोन पेडले आहेत. गणपतीतल्या कार्यक्रमात गाण्याचा मुखडा संपून अंतरा सुरू होताना पहिले बंद आणि दुसरे सुरू करावे लागे. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याला अर्धा सेकंद मिळतो, आणि तेवढ्यात दोन बटणे दाबायची म्हणजे उसाच्या चरकाजवळच्या माशीसारखे नाचणे आले. मला एकच बटण हवे होते.

नानांना मी कागदावर आकृती काढून दाखवली. त्यांनी चष्मा न लावताच विचारले, “म्हणजे मेन लाईन सोडून गाडी लूपला घ्यायची आणि पुढे परत मेनला आणायची, असंच ना?” अगदी असेच. गिटारचा आवाज एका ठिकाणी वळवून पेडलात पाठवावा लागतो, आणि त्या पेडलातून बाहेर पडलेला आवाज दुसऱ्या ठिकाणी अॅम्प्लिफायरच्या वाटेवर आणावा लागतो. आत जाण्याचा सांधा वळला आणि बाहेर पडण्याचा वळला नाही, तर आवाज पेडलातच अडकतो. म्हणून दोन्ही सांधे एकाच वेळी हलवणारा, सहा टोकांचा पायस्विच लागतो. त्यात तीन-तीन टोकांच्या दोन ओळी असतात. प्रत्येक ओळीतले मधले टोक कायमचे, आणि ते कधी या बाजूच्या तर कधी त्या बाजूच्या टोकाला जोडले जाते. एका मधल्या टोकाला गिटार, दुसऱ्या मधल्या टोकाला अॅम्प्लिफायर आणि कडेच्या चार टोकांना दोन पेडलांच्या येण्या-जाण्याच्या वाटा, एवढीच सगळी जोडणी. जमिनीची, म्हणजे ग्राउंडची, तार सहाही जॅकना, म्हणजे केबल खुपसायच्या खाचांना, सामाईक. “आमच्याकडं दोन टोकांना दोन केबिन आणि मधे फोन,” नाना म्हणाले, “तुझं एका पायात भागतंय.” फोनवरून आठवले, हा ६.३५ मिलिमीटरचा जॅकसुद्धा मुळात एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधूनच गिटारकडे आला आहे.

पहिला डबा मी प्लास्टिकचा घेतला आणि पस्तावलो. वाजवणे थांबवले की घरातल्या विजेची घरघर त्यातून सरळ अॅम्प्लिफायरवर येई. अॅल्युमिनियमच्या डब्यात तोच स्विच बसवून डबा ग्राउंडला जोडला, आणि घरघर गेली. डाग देण्याचे काम मात्र माझ्या कायम लक्षात राहील, कारण वाऱ्याने सोल्डरिंगचे टोक निवते म्हणून पंखा बंद ठेवावा लागे, आणि भुसावळचा मे म्हणजे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. राळेचा धूर, कपाळावरून टपकणारा घाम आणि दाण्याएवढ्या टोकावर धरलेला हात, अशा अवस्थेत तीन दुपारी गेल्या.

मग दोन्ही वाटा वाजल्या. मी मोठ्या ऐटीने नानांना वाजवून दाखवले. त्यांनी डब्याकडे बराच वेळ पाहिले आणि घरचे, अमळनेरकडचे अहिराणी तोंडातून निघाले: “सिग्नल कोठे शे?”

खरेच, स्विच कोणत्या बाजूला आहे हे बघून कळत नव्हते, वाजवल्यावरच कळे. कार्यक्रमात ते उशिराचे शहाणपण झाले असते. म्हणून सहा टोकांचा स्विच काढून नऊ टोकांचा आणला. त्याची तिसरी ओळ आवाजाच्या वाटेत येत नाही. तिच्यावर एक लाल आणि एक हिरवा दिवा लावला, नऊ व्होल्टची बॅटरी जोडली आणि दिव्यांना ४.७ किलोओहमचा रोध दिला. त्यातून दीड मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह जातो, दिवा डोळ्यांत खुपत नाही आणि बॅटरीही टिकते. ती संपली तरी आवाज चालूच राहतो, फक्त दिवे विझतात. गंमत अशी की नऊ टोके तीन गुणिले तीन अशा चौकोनात असतात आणि स्विच नव्वद अंशांत फिरवून धरला, तरी तो तसाच दिसतो. मी तो आडवा धरूनच सगळी जोडणी केली. दाबला तर काहीही वाजेना. टोकांच्या चपट्या पात्या कोणत्या दिशेला आहेत, यावरून ओळी ओळखायच्या असतात, हे जोड लागला की वाजणाऱ्या मीटरची पीं ऐकत एकेक टोक तपासताना उमगले.

एक खोड मात्र राहिली. डिले वाजत असताना पाय दाबला, की त्याचा मागे रेंगाळणारा प्रतिध्वनी सुरीने कापल्यासारखा तुटतो. तो पेडलात असतो, पण बाहेर येण्याची वाट दुसऱ्याला मिळालेली असते. नानांच्या मते त्यात दोष काही नाही, गाडी लूपला उभी आहे इतकेच.

परवा त्यांना स्वतः दाबून बघायचे होते. डबा जमिनीवर ठेवून मी म्हटले, “नाना, पायानं दाबा.” ते खाली बसले, खांद्यावरच्या पंच्याचे टोक तळहाताभोवती गुंडाळले आणि दोन्ही हातांनी बटण खाली दाबले. लाल दिवा विझला, हिरवा लागला. “लिव्हरला पाय लावत नाहीत,” ते म्हणाले, आणि पुन्हा दाबून लाल केला.